हौदातले मासे का मेले?

मित्रांनो, या आठवड्यात मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. चूक जुनी आहे, मी सहावीत असतानाची. पण परवा बाजारात एक मुलगा काचेच्या बाउलमध्ये दोन सोनेरी मासे घेऊन चालला होता, आणि ती सगळी गोष्ट पुन्हा डोळ्यांपुढे आली.

माझ्या आजोळी वाड्याच्या मागच्या अंगणात एक दगडी हौद होता. पूर्वी गुरांना पाणी पाजायला बांधलेला. गुरं गेली, हौद राहिला. खोली माझ्या कमरेइतकी. भिंतींवर बुळबुळीत हिरवं शेवाळ, तळाला बोटभर काळा गाळ, एका कोपऱ्यात हायड्रिलाचा झुपका आणि वरून पडलेली पेरूची पानं. त्यात आम्ही ओढ्यातून पंचाने धरून आणलेले अकरा मासे सोडले होते. बोटाएवढेच, पण काय तुरतुर पळायचे! वर्षभर त्यांच्याकडे कुणीही बघितलं नाही. कुणी खायला घातलं नाही, पाणी बदललं नाही, तरी मासे ठणठणीत होते.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मला स्वच्छतेचं वेड लागलं. शाळेत नुकताच स्वच्छता सप्ताह झाला होता ना! मी मासे बादलीत काढले, हौद रिकामा केला आणि नारळाच्या शेंडीने भिंती घासघासून पांढऱ्या केल्या. गाळ टोपल्या भरभरून बाहेर टाकला. शेवाळ गेलं, हायड्रिला गेली, शंखातल्या गोगलगायी गेल्या. आजी ओट्यावरून म्हणाली, "अरे, कशाला घासतोस? त्याला त्याचं राहू दे की." आता आजीचं ऐकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आडाचं स्वच्छ पाणी भरलं. तळाचा दगडन् दगड दिसायला लागला. मासे परत सोडले. मामेभावंडं जमली आणि मग आमचा दयाळूपणा सुरू झाला. कुणी पोळीचे तुकडे टाकले, कुणी शिळा भात, कुणी तर चकलीसुद्धा!

तिसऱ्या दिवशी पाणी दुधट झालं. चौथ्या दिवशी पहाटे मी गेलो तर सगळे मासे वर येऊन तोंड पाण्याबाहेर काढून मचमच करत होते. मला वाटलं, भूक लागली! मी आणखी भात टाकला. दुपारपर्यंत सात मेले, संध्याकाळपर्यंत उरलेले चार.

आजी रागावली नाही. तिने ते मासे केळीच्या पानावर गोळा केले आणि कढीपत्त्याच्या मुळाशी खड्डा करून पुरले. आमच्याकडे मासे खात नसत. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

काय काय काढून टाकलंस?

सुट्टी संपल्यावर मी ही गोष्ट शाळेत शास्त्राच्या बाईंना सांगितली. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "हौदातून तू काय काय काढून टाकलंस, ते सांग बघू." मी म्हणालो, "घाण." त्या म्हणाल्या, "घाण म्हणजे काय काय?" आणि खडू हातात घेतला.

मी एकेक सांगत गेलो, त्या फळ्यावर लिहीत गेल्या. शेवाळ. हायड्रिला. गोगलगायी. डासांच्या अळ्या. पाणकिडे. मग त्यांनी स्वतः एक शब्द लिहिला, जिवाणू. हे माझ्या यादीत नव्हते, कारण मला ते दिसलेच नव्हते. या सगळ्यांवर त्यांनी लिहिलं, 'जैविक घटक'. म्हणजे जीव असलेले.

दुसऱ्या बाजूला त्यांनी लिहिलं, 'अजैविक घटक', आणि म्हणाल्या, "आता जीव नसलेलं सांग." मी म्हटलं, पाणी. मग अडलो. त्यांनी पुढे लिहिलं : ऊन. तापमान. पाण्यात विरघळलेली हवा. पाण्यात विरघळलेले क्षार. तळाची माती आणि दगड.

या दोन्ही बाजू मिळून, आणि त्यांच्यातलं देणंघेणं धरून जे काही होतं, त्याला परिसंस्था म्हणतात. हा शब्द तुमच्या पुस्तकात आहेच. इंग्रजीत त्याला 'इकोसिस्टिम' म्हणतात. तो पहिल्यांदा छापून आला १९३५ साली, आर्थर टॅन्सली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लेखात. टॅन्सलीचं म्हणणं साधं होतं. झाडं आणि प्राणी यांचा अभ्यास माती, पाणी, हवामान यांच्यापासून तोडून करता येणार नाही. ते सगळं मिळून एकच यंत्रणा आहे. आज हे वाचून तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? पण मी हौद घासत होतो तेव्हा मला हे ठाऊक असतं तर? माझ्या डोक्यात हौद म्हणजे पाणी अधिक मासे, एवढंच गणित होतं.

आणि हो, परिसंस्था किती मोठी असावी याचा काही नियम नाही. जंगल ही परिसंस्था, तळं ही परिसंस्था, सड्यावरच्या दगडाच्या खळग्यात साठलेलं पावसाचं पाणी हीसुद्धा. आजोळचा हौदही.

पाण्यातला श्वास

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मासे कशाने मेले?

मासे पाण्यातला प्राणवायू कल्ल्यांनी घेतात, हे तुम्ही शिकला आहात. पण पाण्यात तो असतो किती? आपल्या भोवतालच्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर गोड्या पाण्यात मात्र, पाणी २५ अंश सेल्सिअसला असेल तर, हवेतून विरघळून मावतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणजे तीसपट कमी! आणि पाणी तापलं की तेवढाही मावत नाही. ३५ अंशांना तो ७ च्या आसपास येतो. बरं, दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला की बऱ्याच माशांचा जीव घुसमटायला लागतो. म्हणजे माशाचं आयुष्य फार काटकसरीचं आहे. महिनाअखेरीला आईच्या पाकिटात असतात तेवढेच पैसे, आणि त्यात अचानक पाहुणे आले तर?

माझ्या हौदात पाहुणे आले होते. लाखोंनी, कोट्यवधींनी. तो दुधट रंग आठवतो? तो रंग जिवाणूंचा होता. भात आणि पोळी पाण्यात पडली, ती कुजायला लागली. कुजणं म्हणजे काय? तर जिवाणू ते अन्न खातात आणि वाढतात. आणि तेही श्वास घेतात. भात जास्त, म्हणून जिवाणू जास्त, म्हणून प्राणवायू कमी. मासे वर येऊन तोंड उघडत होते ते भुकेने नव्हे. पाण्याचा अगदी वरचा पातळ थर हवेला लागलेला असतो, तिथेच काय तो थोडा प्राणवायू उरला होता. आणि मी मूर्खासारखा त्यात आणखी भात टाकला!

तुम्ही विचाराल, पूर्वीही पेरूची पानं पडून कुजत होतीच की. तेव्हा मासे का मेले नाहीत? शाब्बास, हाच खरा प्रश्न. याची उत्तरं दोन आहेत.

पहिलं उत्तर शेवाळात आणि हायड्रिलात आहे. ऊन पडलं की या हिरव्या मंडळींचा कारखाना सुरू होतो. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घ्यायचं, उन्हाच्या ताकदीवर साखर बनवायची आणि प्राणवायू बाहेर सोडायचा. दुपारच्या उन्हात हायड्रिलाच्या पानांवरून बारीक बुडबुडे वर येताना दिसतात. ते बघायला मिळाले तर अवश्य बघा, फार सुंदर दिसतात. हा कारखाना फक्त उजेडात चालतो, हे यान इंगेनहाउस या डच डॉक्टरने १७७९ मध्ये पुस्तक लिहून जगाला सांगितलं. त्यानेही पानं पाण्यात बुडवून बुडबुडेच पाहिले होते. रात्री कारखाना बंद, पण वनस्पतींचा श्वास चालूच. म्हणजे रात्री त्यासुद्धा प्राणवायू वापरतात. त्यामुळे कोणत्याही तळ्यात प्राणवायू सगळ्यात कमी केव्हा असतो? सूर्य उगवायच्या थोडं आधी. मत्स्यशेती करणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. दोन-तीन दिवस आभाळ भरलेलं राहिलं की ते पहाटे तळ्यावर चक्कर टाकतात आणि पाणी उडवणारी यंत्रं सुरू करतात. ढग आकाशात, आणि जीव जातो माशाचा. मधला धागा उजेडाचा!

दुसरं उत्तर त्या बुळबुळीत भिंतींत आणि काळ्या गाळात आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. कुजणाऱ्या अन्नातूनही तो निघतो. अमोनिया माशांना विषारी. मग वर्षभर तो गेला कुठे? भिंतींवर, दगडांवर, गाळाच्या वरच्या थरात एक विशिष्ट जातीचे जिवाणू राहतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट माशांना फारसा त्रास देत नाही, आणि वनस्पतींना तर ते खतच. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू ओळखून काढले. मी त्यांना नारळाच्या शेंडीने ओळखलं! हे जिवाणू सावकाश वाढतात, चार दिवसांत परत येत नाहीत. म्हणून घरातली माशांची टाकी साफ करताना सगळं पाणी आणि सगळी वाळू एकदम कधी बदलू नये. त्या बाजारातल्या मुलाला मला हे सांगायचं होतं, पण तो गर्दीत दिसेनासा झाला.

कोण काय करतं?

बाईंनी फळ्यावर जैविक घटकांचे तीन गट केले. तुमच्या पुस्तकातही तेच असतील. शेवाळ आणि हायड्रिला हे उत्पादक, म्हणजे स्वतःचं अन्न स्वतः बनवणारे. गोगलगायी, अळ्या, मासे हे भक्षक. कुणी वनस्पती खातात, कुणी एकमेकांना. आणि जिवाणू, बुरशी हे विघटक. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळतात. पण मला विचाराल तर या तिघांत सगळ्यात दुर्लक्षित विघटक. फुलपाखरांची चित्रं सगळे काढतात, बुरशीचं कोण काढतं? ते नसते तर पृथ्वीवरचं प्रत्येक वाळलेलं पान आणि प्रत्येक मेलेला प्राणी जिथे पडला तिथेच राहिला असता. ढीग लागले असते, आणि त्यात अडकलेले क्षार नव्या झाडाला मिळालेच नसते.

आता कढीपत्त्याकडे चला. आजीने पुरलेल्या माशांचं काय झालं? मातीतल्या जिवाणूंनी आणि बुरशीने त्यांचे घटक सुटे केले. नायट्रोजन, फॉस्फरस, कॅल्शियम. ते कढीपत्त्याच्या मुळांनी घेतले. त्याची पानं रोज आमटीच्या फोडणीत पडत. म्हणजे आमच्या शाकाहारी घरातल्या सगळ्यांनी, अगदी सोवळ्यातल्या आजोबांनीसुद्धा, त्या वर्षी थोडे थोडे मासे खाल्ले! हे मी आजोबांना कधीच सांगितलं नाही.

द्रव्यं अशी फिरत राहतात. ताकद, म्हणजे ऊर्जा, मात्र फिरत नाही. ती उन्हातून येते, वापरली जाते आणि उष्णता होऊन निघून जाते. हा हिशेब मांडणाऱ्या माणसाची गोष्ट मला फार लागते. रेमंड लिंडमन हा अमेरिकेतला तरुण संशोधक. मिनेसोटा राज्यात सीडार बॉग नावाचं एक छोटंसं, उथळ, दलदलीचं तळं आहे. त्याने आणि त्याच्या पत्नीने, एलिनॉरने, तिथे पाच वर्षं काम केलं. पाण्यातली वनस्पती किती, त्या खाणारे किती, त्यांना खाणारे किती, आणि प्रत्येकाकडे किती ऊर्जा आहे? हे सगळं मोजून त्याने एक लेख लिहिला. पण तो लेख परीक्षकांना पसंत पडला नाही. एका तळ्यावरून एवढं मोठं तत्त्व कसं मांडता, असं त्यांचं मत पडलं. येल विद्यापीठातले जी. एव्हलिन हचिन्सन मात्र लिंडमनच्या पाठीशी उभे राहिले. लेख छापायचं ठरलं. तो १९४२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला, तेव्हा लिंडमन ह्या जगात नव्हता. जून महिन्यात यकृताच्या आजाराने तो गेला होता. वय वर्षं सव्वीस.

त्याच्या कामावरून पुढे एक ढोबळ हिशेब रूढ झाला. एका पायरीवरून वरच्या पायरीवर साधारण दहावा हिस्सा ऊर्जा पोचते. हा काही पाढ्यासारखा पक्का नियम नव्हे, कुठे कमी, कुठे जास्त. पण अंदाज येतो. हजार किलो शेवाळ असेल तर त्यावर शंभर किलो किडे, त्यावर दहा किलो छोटे मासे, त्यावर एक किलोची मरळ. बाकीची ऊर्जा पळण्यात, श्वासात, शरीर चालवण्यात खर्च. आता सांगा, एका तळ्यावर बगळे चारच का असतात, चारशे का नसतात?

माझीच चूक, पण कोट्यवधी डॉलर खर्चून

मी सहावीतला पोर होतो, ठीक आहे. पण मोठमोठ्या माणसांनीही अगदी हीच चूक केली, हे कळल्यावर मला थोडं बरं वाटलं!

अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात काचेचा आणि पोलादाचा एक अवाढव्य महाल बांधला गेला. नाव 'बायोस्फिअर २'. बायोस्फिअर १ कोणतं? आपली पृथ्वी! तीन एकरांहून थोड्या जास्त जागेत त्यांनी छोटं वर्षावन, छोटा समुद्र, गवताळ माळ, दलदल, वाळवंट आणि शेती, सगळं बसवलं. २६ सप्टेंबर १९९१ रोजी चार पुरुष आणि चार स्त्रिया आत गेल्या आणि दारं बंद झाली. दोन वर्षं बाहेरून हवा नाही, अन्न नाही. पुढेमागे चंद्रावर किंवा मंगळावर राहायचं झालं तर जमेल का, हे पाहायचं होतं.

काही महिन्यांत लक्षात आलं की आतला प्राणवायू कमी होतो आहे. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. तो घसरत घसरत १९९३ च्या जानेवारीपर्यंत साडेचौदा टक्क्यांच्या जवळ आला. चार हजार मीटर उंचीच्या डोंगरावर जशी हवा विरळ लागते, तशी अवस्था. माणसांना जिना चढताना धाप लागे, झोप लागेना. शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला.

प्राणवायू गेला कुठे? तुम्ही ओळखलं असेल. पिकं जोमाने यावीत म्हणून आतल्या मातीत भरपूर कंपोस्ट घातलं होतं. म्हणजे माझा भात! मातीतल्या जिवाणूंना मेजवानी मिळाली. ते वाढले आणि प्राणवायू वापरत सुटले. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तरी झाडांनी घेऊन परत प्राणवायू द्यायला हवा होता. तसंही पुरेसं झालं नाही, आणि कोडं इथेच होतं. हवेत कार्बन डायऑक्साइड जेवढा सापडायला हवा होता तेवढा सापडेना. उत्तर निघालं भिंतींत. महालातलं नवंकोरं काँक्रीट तो वायू शोषून घेत होतं आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होत होतं. प्राणवायू त्यात कायमचा अडकला. काँक्रीट म्हणजे निर्जीव वस्तू. तिला कुणी हिशेबात धरलंच नव्हतं.

फुलांवर येणारे बहुतेक कीटक आत मेले. मुंग्या आणि झुरळं मात्र मजेत होती. आठही माणसं १९९३ च्या सप्टेंबरात सुखरूप बाहेर आली. वृत्तपत्रांनी थट्टा केली, पण मला तो प्रयोग फसला असं वाटत नाही. आपल्याला किती कमी कळतं, हे त्याने चोख मोजून दाखवलं. आज ती जागा ॲरिझोना विद्यापीठाकडे आहे आणि तिथे संशोधन चालू आहे.

मामा तलाव

आता ॲरिझोनातून थेट विदर्भात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. बरेचसे अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. उतार हेरायचा, मातीची पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं आणि खाली धान, म्हणजे भात पिकवायचं. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून ते 'माजी मालगुजारी', आणि त्याचं आखूड रूप 'मामा तलाव'. छान आहे की नाही नाव?

या तलावांत पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारे ढिवर लोक आहेत. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला अंडी घालतो, कोणता गाळात राहतो, कोणता वरच्या थरात, हे त्यांना पुस्तकाशिवाय पाठ. मरळ घ्या. ती वर येऊन थेट हवेतूनही श्वास घेऊ शकते, त्यामुळे प्राणवायू कमी झाला तरी तगते. तिची पिल्लं थव्याने फिरतात आणि आईबाप राखण करतात.

पण तलावांची तब्येत बिघडत गेली. गाळ साठला. 'बेशरम' नावाची जांभळट फुलांची झुडपं काठावर आणि उथळ पाण्यात माजली. नावच बघा, कितीही तोडा, परत येते. बाहेरून विकत आणलेलं रोहू-कटल्याचं बीज सोडलं जाऊ लागलं आणि इथले छोटे छोटे मासे कमी होत गेले. नुसतं मासेबीज आणून सोडणं म्हणजे पुन्हा आपलंच गणित, पाणी अधिक मासे.

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत ढिवर मंडळींनी, आणि त्यातही बायकांनी, वेगळं काम केलं. त्यांनी मासे नव्हे, आधी वनस्पती आणल्या. उन्हाळ्यात पाणी आटलं की बेशरम मुळासकट उपटायची आणि पावसाळ्यात जवळच्या चांगल्या तलावांतून हायड्रिलासारख्या पाणवनस्पती आणून लावायच्या. पाण्याखालच्या या झाडोऱ्यात माशांची अंडी चिकटतात, पिल्लांना लपायला जागा मिळते, त्यावर बारीक किडे राहतात आणि तेच पिल्लांचं खाणं. वनस्पती रुजल्या तशा इथल्या माशांच्या जाती परत वाढल्या, आणि जाळ्यात मिळकतही. यातल्या कित्येक बायका शाळेत फारशा गेल्या नव्हत्या. पण हौद घासणाऱ्या सहावीतल्या शहाण्यापेक्षा त्यांना परिसंस्था पुष्कळ जास्त कळत होती.

शहरातल्या तळ्यांचं दुखणं याच्या उलट असतं. तिथे सांडपाण्यातून, साबणातून, निर्माल्यातून खतच खत येतं. शेवाळ बेसुमार वाढतं, पाणी हिरवं होतं. जलपर्णी वर झाकणासारखी पसरते, खालचा उजेड बंद. मग हे सगळं मरतं आणि कुजतं. पुढचं तुम्ही सांगा.

बरणीतलं तळं

आता तुमचं काम. मासे नकोत, आधीच सांगतो. माझ्या वतीने अकरा पुरेत.

रुंद तोंडाच्या दोन काचेच्या बरण्या घ्या. लोणच्याच्या चालतील, पण तेल पूर्ण धुऊन काढा, साबणाचा अंशही राहू देऊ नका. तळाला दोन बोटं धुतलेली वाळू आणि वर चमचाभर तळ्यातला गाळ. पाऊण बरणी तळ्याचं किंवा विहिरीचं पाणी. नळाचं असेल तर उघड्या बादलीत दोन दिवस ठेवून मग वापरा. हायड्रिलाची वीतभर काडी आणि शंखातली एक छोटी गोगलगाय प्रत्येकीत सोडा. तोंडाला पातळ फडकं घट्ट बांधा, नाहीतर डास अंडी घालतील आणि आई बरणीसकट तुम्हांला बाहेर काढेल. एक बरणी खिडकीशी ठेवा, पण थेट कडक उन्हात नको, पाणी तापतं. दुसरी घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा.

रोज सकाळी आणि दुपारी दोन मिनिटं बघायचं आणि वहीत लिहायचं. पाण्याचा रंग, वास, बुडबुडे, गोगलगाय कुठे आहे, वर की खाली. अंधारातली बरणी वास मारायला लागली किंवा गोगलगाय सारखी वरच बसली, तर प्रयोग थांबवा आणि तिला उजेडातल्या बरणीत हलवा. तिने आपल्यासाठी मरायचं काही कारण नाही.

आई-बाबांसाठी दोन ओळी. तळ्यावर मुलांना एकटं पाठवू नका, बरोबर जा. गाळ हाताळल्यावर साबणाने हात धुवायला सांगा. शहरात जवळपास तळं नसेल तर माशांच्या दुकानात हायड्रिला मिळते, गोगलगाय बऱ्याचदा तिच्याबरोबर फुकट येते. प्रयोग संपल्यावर दुकानातली वनस्पती किंवा गोगलगाय नदी-तळ्यात सोडू नका, परकी जात तिथे माजू शकते. आणि बरणी महिनाभर तरी कुणी घासू नये, ही विनंती!

माझी बरणी टेबलावर आहे. आज सव्वीस दिवस झाले. गुरुवारी सकाळी काचेच्या आतून, पाण्याच्या रेषेपासून दोन बोटं खाली, साबुदाण्याच्या खिरीसारखा एक चकचकीत ठिपका चिकटलेला दिसला. भिंगातून पाहिलं तर आत बारीक बारीक दाणे. मी तीनदा मोजले. दोनदा तेवीस आले, एकदा चोवीस. गोगलगाईची अंडी आहेत ती. त्यातली किती फुटतात आणि एवढ्याशा बरणीत किती तगतात, ते पंधरा दिवसांनी कळवतो.